जावक नंबर नसलेली एकतीस पत्रं

नीळकंठराव देवपुजारींनी आयुष्यात 'नाही' म्हणायच्या बऱ्याच संधी घालवल्या होत्या. त्यांतली सगळ्यात महागात पडलेली संधी एका मंगळवारी सकाळी साडेअकराला, प्रशासन भवनाच्या मीटिंग हॉलमध्ये, हातात अर्धा समोसा असताना आली. समोसा तोंडात असता तर निदान बोलता तरी आलं नसतं. पण घास नुकताच गिळून झाला होता.

भोपाळच्या त्या सरकारी कारखान्यात तेव्हा ई-मेल नवीन होती. दिल्लीहून हुकूम आला होता की प्रत्येक कारखान्याने बाहेर जाणारी मेल आपापल्या सर्व्हरवरून पाठवावी. सर्व्हर तर उन्हाळ्यातच येऊन पडला होता. त्याला काचेची खोली मिळाली होती, एसी मिळाला होता, आणि लोक त्या खोलीत चपला काढून जात. (एसी फक्त तिथेच होता, त्यामुळे दुपारी भाविकांची गर्दी बरीच असे.) प्रश्न एवढाच होता की त्यावरून मेल बाहेर पाठवायची व्यवस्था कोणी लावायची. सगळे आपापल्या बशीकडे बघायला लागले, आणि विभागप्रमुख तिवारी साहेबांची नजर नीळकंठरावांवर येऊन थांबली.

"जाने वाली डाक तो बाईस साल से देवपुजारीजी ही देख रहे हैं," तिवारी साहेब म्हणाले. "ये भी जाने वाली डाक ही है."

हा मुद्दा सर्वांना एकदम पटला. ज्यांना हे काम आपल्या गळ्यात पडेल अशी भीती वाटत होती, त्यांना तर फारच पटला. नीळकंठरावांनी त्याच वेळी सांगायला हवं होतं की साहेब, मी जावक विभागातला माणूस. पाकिटाला डिंक लावणं, नंबर टाकणं, रजिस्टरात नोंद करणं एवढंच मला येतं. कॉम्प्युटरचं म्हणाल तर अशोका गार्डनमध्ये पिठाच्या गिरणीवर भरणाऱ्या क्लासला तीन आठवडे गेलो होतो, आणि तिथे मशीन नीट बंद कसं करायचं तेवढं पक्कं शिकलो. पण खुर्च्यांवर वीस माणसं बसलेली, त्यांत चार इंजिनियर. नीळकंठरावांनी मान डोलावली आणि होऊन जाईल म्हणून सांगून टाकलं.

त्यांची बाजू थोडी समजून घ्यायला हवी. बावीस वर्षं त्या माणसाने जावक सांभाळलं होतं आणि त्यातून त्यांची एक ठाम समजूत झाली होती. ज्या पत्राला जावक नंबर पडला ते गेलं. ज्याला नंबर पडला नाही ते गेलं नाही, म्हणजे ते पत्रच नव्हे, नुसता कागद. मोठमोठे साहेब येऊन टेबलावर हात आपटत, की आम्ही अमुक पत्र पाठवलं होतं. नीळकंठराव शांतपणे रजिस्टर पुढे सरकवत. नंबर आहे? नाही. मग पत्र नाही. या एका गोष्टीत तरी जगाने त्यांच्यासमोर हार मानली होती.

घरी सिंधूला त्यांनी ही बातमी बढती मिळाल्यासारखी सांगितली. सिंधू शेंगा सोलत होती. तिने विचारलं, म्हणजे आता दादाला पत्र लगेच पोहोचेल का? नीळकंठराव म्हणाले, लगेच म्हणजे काय, पाकीट चिकटवायच्या आत. सिंधू म्हणाली, बरं झालं, मग यंदा किती दिवसांसाठी येतोस ते विचारून घ्या.

हा दादा म्हणजे नागपूरचे अच्युतराव, सिंधूचे थोरले भाऊ. सिंधू नऊ वर्षांची असताना वडील गेले. अच्युतराव तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांनी कॉलेज सोडलं, पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून लागले, बहिणीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावलं. आईही पुढे गेली. तेव्हा सिंधूचं माहेर म्हणजे अच्युतदादा, बाकी काही नाही. त्यांची बायको विमल सहा वर्षांपूर्वी वारली, मुलगा बंगलोरला. दर दिवाळीला अच्युतराव भोपाळला येत, भाऊबीज करत आणि आठव्या दिवशी परत जात. बावीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

आणि बावीस वर्षांत एकदाही नीळकंठरावांना ते आवडलं नव्हतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या क्वार्टरमध्ये असं बोलायला जागा तरी कुठे असते.

काम सुरू झालं. नीळकंठरावांनी टी. टी. नगरच्या बाजारातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, त्याला खाकी कव्हर घातलं आणि पान एकपासून वाचायला घेतलं. पुस्तकात मेल बाहेर पाठवायच्या सेटिंगचा अख्खा नमुना छापलेला होता. नमुना म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. सरकारी नोकरीत नमुना असला की निम्मं काम झालं. त्यांनी तो अक्षर न् अक्षर, आकडा न् आकडा उतरवून काढला.

त्यात पुढच्या पोस्टाचा एक पत्ता होता. म्हणजे आपल्या सर्व्हरने पत्रं ज्या मोठ्या सर्व्हरकडे सोपवायची, त्याचा. तो आकड्यांत होता, तोही त्यांनी उतरवला. लोक फॉर्म भरताना नमुन्यातलं 'अ. ब. क.' हे नावसुद्धा जसंच्या तसं लिहून देतात, अशा लोकांना नीळकंठराव बावीस वर्षं हसत आले होते. आपण तेच करतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

एकाच ठिकाणी त्यांनी नमुन्याबाहेर डोकं चालवलं, तेही नको तिथे. पुस्तकात लिहिलं होतं की पत्र गेलं नाही तर सर्व्हर ते जवळ ठेवतो, पुन्हा पुन्हा पाठवून बघतो आणि पाच दिवसांनी नाद सोडतो. पाच दिवस वाचून नीळकंठरावांना हसू आलं. पाच दिवसांत तर कारखान्यात पाकीट फोडत नाहीत. त्यांनी पाच खोडून नव्वद केले. कोणत्याही गोष्टीला तीन महिने द्यावेत, हा त्यांच्या खात्याचा रिवाज होता. पत्र अडलं की चार तासांनी सूचना येते, तीही त्यांनी बंद करून टाकली, कारण उगीच कोणी घाई केलेली त्यांना खपत नसे.

मग वेळ आली टेस्टची. टेस्ट पत्र पाठवायचं कोणाला? कारखान्याबाहेरचा ई-मेलचा पत्ता त्यांच्याकडे एकच होता. अच्युतरावांच्या ऑफिसात ई-मेल आली तेव्हा त्यांनी तो पत्ता नव्या वर्षाच्या कार्डावर ठळक शाईने लिहून पाठवला होता. नीळकंठरावांनी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून पहिलं पत्र लिहिलं: सा. न. वि. वि., आम्ही सर्व खुशाल, हे टेस्ट पत्र आहे, पोच द्यावी.

पोच आली नाही. रविवारी सकाळी अच्युतरावांचा फोन येत असे, तेव्हा विचारलं. काही आलेलं नव्हतं. दुसरं पाठवलं, तिसरं पाठवलं. काही जात नव्हतं. प्रत्येक वेळी नीळकंठराव आपल्याकडची प्रत जपून खोडून टाकत. टेबल स्वच्छ ठेवायची सवय. न गेलेल्या कागदाची नक्कल कशाला ठेवायची?

दसऱ्याच्या सुमाराच्या रविवारी अच्युतरावांनी फोनवर सांगितलं की यंदा रजा शिल्लक आहे, तेव्हा आठाऐवजी पंधरा दिवस येतो. सिंधूने फोन ठेवला आणि ती गाणं गुणगुणत पोळ्या लाटायला गेली. सोमवारी काचेच्या खोलीत नीळकंठराव टेस्टला बसले ते मान खाली घालून. सातवं पत्र. काय लिहावं सुचेना. कुठे जाणार आहे ते, असं मनात आलं आणि त्यांनी लिहिलं, "अच्युतराव, यंदा येऊ नका."

बटण दाबलं. पत्र कुठेही गेलं नाही. पण नीळकंठरावांना इतकं मोकळं वाटलं, की त्या दिवशी त्यांनी शिपायालासुद्धा चहा पाजला.

तिथून पुढे ते थांबायलाच तयार नव्हते. आता टेस्ट हे निमित्त उरलं होतं. पत्र आठ: तुम्ही घोरता, आणि ते इतकं की शेजारचे कुलश्रेष्ठ मला विचारतात तब्येत कशी आहे. पत्र अकरा: माझा पेपर मी उठायच्या आधी तुम्ही उघडता आणि शब्दकोडं पेनने सोडवता. पत्र चौदा: गरम पाण्याची पहिली बादली. पत्र सोळा: मच्छरदाणीची घडी मला पंचवीस वर्षं येते, तुम्ही दरवर्षी शिकवू नका. पत्र एकोणीस: "आमच्या नागपूरला" हे शब्द तुम्ही परवा फोनवर तीन मिनिटांत पाच वेळा वापरलेत, मी मोजले. जेवणाच्या सुट्टीआधी एक, नंतर एक. इतकं नियमित काम त्यांनी जावकातही कधी केलं नव्हतं.

तेविसावं पत्र वेगळं निघालं. ते लिहायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. घोरण्याबद्दल आणखी थोडं लिहायला बसले आणि भलतंच लिहिलं गेलं. तुम्ही आलात की सिंधू स्वयंपाकघरात गाते. तुम्ही काही बोललात की ती अशी हसते की बांगड्या वाजतात. तुम्ही गेलात की चार दिवस ती घरात असून नसल्यासारखी असते. ती तशी माझ्यासोबत कधी हसत नाही. म्हणून तुम्ही दोघं आत बोलत बसलात की मी व्हरांड्यात जाऊन बसतो. तुमचा राग येतो म्हणतो, पण तो तुमचा नसतो.

हे वाचून नीळकंठरावांचे कान तापले. त्यांनी ते घाईघाईने पाठवलं, म्हणजे त्यांच्या हिशेबी फाडून टाकलं, आणि पुढच्या पत्रात पुन्हा मच्छरदाणीवर आले.

दिवाळीला दहा दिवस असताना तिवारी साहेबांचा धीर सुटला. महाव्यवस्थापकांना नव्या सर्व्हरवरून देशभरच्या कारखान्यांना दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या होत्या, नारळसुद्धा आणून ठेवला होता. कॉम्प्युटर सेंटरच्या रजनी मॅडमना बोलावणं गेलं. त्या कोटरा सुल्तानाबादहून स्कूटीवर आल्या, हेल्मेट खुर्चीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच पडद्याकडे पाहिलं. पुढच्या पोस्टाचा आकडा बघून त्यांनी नीळकंठरावांना विचारलं, हा पत्ता कुठून आणला? नीळकंठरावांनी अभिमानाने पुस्तकाचं पान उघडून दाखवलं.

"अंकल, ये तो किताब वाले का उदाहरण है," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाई चांगल्या घरच्या होत्या, कोणाला ऐकू जाणार नाही याची त्यांनी काळजी घेतली. त्यांनी आकडा बदलला, काहीतरी दाबलं आणि पडद्यावरून ओळींची रांग सरसर वर सरकली. खोलीत महाव्यवस्थापकांपासून शिपायापर्यंत सगळे अनवाणी उभे होते.

"लीजिए, चालू हो गया," रजनी मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "आपकी इकतीस चिट्ठियाँ कतार में खड़ी थीं, सब निकल गईं."

टाळ्या झाल्या. नारळ फुटला. नीळकंठरावांना टाळ्या लांबून ऐकू येत होत्या. त्यांनी विचारलं, कोणती एकतीस? मॅडम म्हणाल्या, तुमचीच, सगळी नागपूरच्या एकाच पत्त्यावरची. आणि कौतुकाने म्हणाल्या की मुदत नव्वद दिवसांची होती म्हणून वाचली, नाहीतर पाच दिवसांत मेली असती.

नीळकंठरावांनी त्यांना बाजूला घेतलं. जावकात एखादं पत्र चुकून गेलं की ते स्टेशनवर जात, टपालाच्या डब्यापाशी ओळखीच्या माणसाला चहा पाजत आणि थैला उघडून पत्र परत आणत. असं चार वेळा केलेलं होतं. त्याच भरवशावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, वहाँ आगे कोई अपनी जान-पहचान का है?"

मॅडमना प्रश्नच कळला नाही. कळल्यावर त्यांनी नुसतं डोकं हलवलं आणि नारळाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

नीळकंठराव गेटबाहेरच्या एसटीडी बूथकडे धावले. वाटेत त्यांना एक युक्ती सुचली, आणि त्या वेळी ती फारच हुशारीची वाटली. पेपरांत तेव्हा कॉम्प्युटरच्या व्हायरसबद्दल रोज काहीबाही येत असे. अच्युतरावांच्या ऑफिसात फोन लागला. नीळकंठराव धापा टाकत म्हणाले, आमच्याकडून काही पत्रं आली असतील तर उघडू नका, आमच्या सर्व्हरमध्ये व्हायरस शिरलाय.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"चार वाचून झाली," अच्युतराव म्हणाले. "हा व्हायरस मराठीत लिहितो का?"

नीळकंठरावांनी बूथच्या काचेला कपाळ टेकलं.

"एकूण किती आहेत?"

"एकतीस," नीळकंठराव म्हणाले. रजिस्टरी माणूस, आकडा विचारला की खरा सांगणारच.

"बरं. वाचतो," असं म्हणून अच्युतरावांनी फोन ठेवला.

पुढचे दिवस नीळकंठरावांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. लाज वाटते म्हणजे काय होतं हे त्यांना इतकी वर्षं नीट माहीत नव्हतं. आरशात दाढी करताना ते हनुवटीवर नजर ठेवत, वर बघत नसत. सहा वर्षांपूर्वी बायको गेलेला माणूस, वर्षातून एकदा बहिणीकडे येतो, आणि आपण त्याला गरम पाण्याच्या बादलीवरून पत्र लिहिलं. आणि ते तेविसावं पत्र आठवलं की त्यांना भर दुपारी पांघरूण घेऊन झोपावंसं वाटे.

सिंधूला काहीच माहीत नव्हतं, हे तर आणखी वाईट होतं. तिने दादाची गादी उन्हात टाकली. दादासाठी अनारशांचे तांदूळ भिजत घातले. दादाच्या उशीला नवा अभ्रा आणायला नीळकंठरावांनाच बाजारात पिटाळलं. रविवारी सकाळी ती फोनच्या आसपासच घोटाळत होती. फोन आला नाही. दुपारी तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला आणि लाइन चालू आहे का ते पाहिलं. लाइन चालू होती. सोमवारी तिने स्वतः नागपूरला फोन लावला, सकाळी आणि संध्याकाळी. कोणी उचलला नाही. तिने विचारलं, अहो, दादाला बरं नसेल का? त्या माणसाला काही झालं असेल तर कळवायलासुद्धा घरात दुसरं कोणी नाही.

तिच्या आवाजातली ती भीती नीळकंठरावांना ऐकवेना. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. सर्व्हर, नमुना, नव्वद दिवस, एकतीस पत्रं.

सिंधूने गॅस बंद केला. काय काय लिहिलंत ते सांगा म्हणाली. मग नीळकंठरावांना पत्रागणिक सांगावं लागलं. घोरण्याचं सांगितलं. घोरतो तो, सिंधू म्हणाली. पेपरचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. मच्छरदाणीचं सांगताना तर त्यांचं त्यांनाच ऐकवेना. कागदावर किंवा पडद्यावर जे ठसठशीत दुःख वाटत होतं, ते बायकोपुढे म्हणून दाखवताना अगदी पोरकट निघत होतं.

"माझ्याबद्दल काय लिहिलंत?" तिने शेवटी विचारलं.

"काही नाही," नीळकंठराव म्हणाले. एवढं सगळं कबूल करूनही एक खोटं त्यांनी बाजूला काढून ठेवलं, आणि त्याचीही लाज वाटून घेतली.

सिंधू रडली नाही, ओरडली नाही. अनारशांचं पीठ मळता मळता म्हणाली, "माझं सगळं माहेर एवढ्या एका माणसात आहे हे तुम्हाला माहीत होतं. तो आला नाही तर भाऊबीजेला तुमच्या त्या मशीनला ओवाळीन." आणि त्यानंतर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

नीळकंठरावांनी नागपूरचं तिकीट काढलं. जायचं, पाय धरायचे, माणसाला घेऊन यायचं. तोंडाने काय बोलायचं ते ठरत नव्हतं, पण पाय धरायचं ठरलं होतं. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन निघाले आणि फाटकातच थबकले. समोर रिक्षा उभी होती. अच्युतराव रिक्षावाल्याला सांगत होते की ट्रंक सांभाळून उतरव. ट्रंका दोन होत्या.

"कुठे निघालात, नीळकंठराव?"

"तुमच्याकडेच."

"मग चला परत, मी इथे आहे," अच्युतराव म्हणाले आणि घरात शिरले.

सिंधूने दादाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. चहा झाला. मग अच्युतरावांनी पिशवीतून एक फाइल काढली. एकतीसच्या एकतीस पत्रं छापून, तारीखवार लावून, फीत बांधून आणली होती. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. नीळकंठरावांना वाटलं आता खुर्चीसकट जमिनीत जावं.

अच्युतरावांनी चष्मा लावला आणि क्रमवार उत्तरं द्यायला सुरुवात केली. घोरण्याचं खरं असावं. विमल गेल्यापासून ते सांगायला घरात कोणी नव्हतं. पत्र वाचून डॉक्टरकडे गेलो, सोमवारी सकाळ-संध्याकाळ तिथेच होतो. नाकाचं हाड वाढलंय म्हणाले, औषध दिलंय. पेपर उद्यापासून दोन येतील, कोपऱ्यावरच्या विक्रेत्याला येता येताच सांगितलं. गरम पाणी मी नंतर घेईन. मच्छरदाणीचं मात्र मला पटलं नाही, तुमची घडी चुकते. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच नीळकंठरावांना प्रत्येक उत्तर कानफटात बसत होतं. ते पुटपुटले की मला माफ करा. अच्युतरावांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, कारण फाइल संपली नव्हती.

"आता तेविसावं," ते म्हणाले.

नीळकंठराव अर्धवट उठले. अच्युतरावांनी तो कागद सिंधूच्या हातात दिला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायची तिला सवय नव्हती. ती बोट ठेवून एकेक शब्द जुळवत, मोठ्याने वाचत गेली. नीळकंठराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. बांगड्यांच्या ओळीपाशी ती अडली, पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचलं. शेवटची ओळ तिने मनात वाचली.

"काही नाही लिहिलं म्हणाला होतात," ती म्हणाली.

नीळकंठराव कॅलेंडरकडेच बघत होते. मग त्यांना आवाज आला आणि त्यांनी मान वळवली. सिंधू हसत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसू आवरत नव्हतं. बांगड्याही वाजत होत्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती तशी त्यांच्यामुळे हसत होती, आणि हसत होती तीही त्यांनाच. दोन्हींतलं नेमकं काय धरून बसावं हे त्यांना कळेना.

अच्युतरावांनी चष्मा काढून पुसला. ते म्हणाले, मला वाटायचं सिंधू 'थांब' म्हणते ते रीत म्हणून. आपलं ओझं नको, म्हणून मी दरवर्षी आठव्या दिवशी निघायचो. मी गेल्यावर ती चार दिवस बोलत नाही, हे मला कोणी कळवलंच नव्हतं. "तुम्ही लेखी कळवलंत, फार बरं केलंत. पंधरा दिवसांचा अर्ज रद्द करून महिन्याचा दिला. मार्चअखेर निवृत्त होतोय. नागपूरचं घर काढून इथेच यायचं म्हणतो. जवळपास एखादी खोली बघा."

सिंधू म्हणाली, खोली कशाला, व्हरांड्याला भिंत घातली की झालं. दोघं भाऊबहीण लगेच भिंतीच्या मापावर बोलायला लागले. दार कुठे काढायचं इथपर्यंत आले आणि मग दोघांनाही एकदम घरधन्याची आठवण झाली. दोघांनी नीळकंठरावांकडे पाहिलं.

"तुमच्यावर बळजबरी नाही," अच्युतराव म्हणाले. "सावकाश विचार करा आणि लिहून कळवा. फक्त त्याआधी ते मशीन बंद करून ठेवा, म्हणजे खरं लिहाल."

सिंधू पुन्हा हसायला लागली. नीळकंठरावांनी बसल्या जागेवरून, चांगल्या मोठ्या आवाजात, तोंडी सांगितलं की या, जरूर या, मला आवडेल. ते त्या क्षणी अगदी मनापासून बोलले होते. पण दोघांनीही ते शिष्टाचार म्हणून सोडून दिलं आणि मापाची टेप कुठे ठेवली आहे म्हणून विचारलं.